नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर नेमकं किती धरायचं?

वणाकाठ
नमस्कार मंडळी. माझी पुतणी ऑगस्टमध्ये शिकायला कॅलिफोर्नियाला चालली आहे. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या काठचं. घरातून आजवर सगळ्यात दूर कोणी गेलं असेल तर माझे मोठे भाऊ, फौजेत असताना गुवाहाटीला. त्यामुळे पोरगी किती लांब चालली हा विषय रोज निघतो, आणि रोज नवा आकडा समोर येतो.

तिकीट नागपूर, दोहा, सॅन फ्रान्सिस्को असं आहे. इंटरनेटवर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर १३,१०० किलोमीटरच्या आसपास दाखवतात. तिकिटातले दोन टप्पे जोडले की १५,८०० च्या वर जातं. तिची मैत्रीण मागच्या वर्षी दिल्लीवरून गेली, तिच्या सीटसमोरच्या पडद्यावर तिसराच आकडा होता. मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली तर रेघ सौदी, आफ्रिकेचं वाळवंट, अटलांटिक अशी निघते. पुतणीच्या मोबाईलवर मात्र विमान पार उत्तर ध्रुवाकडे जाताना दिसतं. यातलं खरं कोणतं? आणि हा आकडा मुळात काढतात कसा? जाणकारांनी नीट समजावून सांगावं, मला घरी सगळ्यांना सांगायचं आहे.

पांढरं सोनं
भाऊ, पयले पोरीचं अभिनंदन सांगजा. आपल्या भागातली लेकरं एवढ्या दूर शिकाले जाऊन राह्यली, लय आनंद वाटला.

माह्या मतानं तिकिटाचा आकडाच खरा. ज्या वाटेनं जाचं तेच अंतर. आपून यवतमाळवून नागपूरले जातो तं कळंब, वर्धा करतच जातो ना, सरळ रेघेनं थोडीच जातो? आन् मले वाटते हे सारं झिरो माईलवरून मोजत असतीन.

खडू-फळा
वणाकाठ दादा, पट्टी बाजूला ठेवा आणि शाळेतला पृथ्वीगोल घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुमचा प्रश्न वाचून आज मधल्या सुट्टीत सातवीच्या मुलांना घेऊन बसलो. आमचा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे. म्हणजे परीघ ९४ सेंटीमीटरच्या थोडा वर, आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. एका सेंटीमीटरला साधारण ४२४ किलोमीटर पडतात.

शिवणाचा दोरा घेतला. एक टोक एका मुलीनं नागपूरवर बोटानं दाबून धरलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर धरलं. आधी मुलांनी दोरा मुद्दाम नकाशातल्या रेघेसारखा सौदी, आफ्रिका, अटलांटिक असा बसवला. मग मी टोक हळूहळू ओढत गेलो. दोरा ढिला असेपर्यंत तिथेच राहतो. ताण आला की गुळगुळीत गोलावरून तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकायला लागतो. माझ्या हातात दोरा जमा होत गेला आणि शेवटी तो सैबेरियाच्या डोक्यावर जाऊन घट्ट बसला. त्यापुढे कितीही ओढा, हलत नाही. तीच सगळ्यात जवळची वाट.

पेनानं खूण करून दोरा पट्टीवर ठेवला, ३१ सेंटीमीटरला जरासा कमी भरला. गुणाकार मुलांनीच केला : १३,१०० च्या आसपास. इंटरनेटवर तुम्हाला दिसलेला आकडा तो हाच.

दोऱ्याखालचे प्रदेशही मुलांनी लिहून काढले. नेपाळचा पश्चिम भाग, तिबेट, चीन आणि मंगोलियाची सीमा, सैबेरिया, मग उत्तरेकडचा गोठलेला समुद्र. तिथे रँगेल नावाचं रशियाचं बेट आहे, त्याच्या आसपास दोरा १८० अंश रेखांश ओलांडतो. पुढे अलास्का, आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाहेरून समुद्रावरून खाली. आफ्रिका नाही, अटलांटिकही नाही.

वणाकाठ
गुरुजी, फारच छान. पण मग नकाशा खोटं सांगतो का?

मेळघाटी
मूळचा परतवाड्याचा, सध्या पुण्यात. नकाशाशी संबंधित सॉफ्टवेअरचं काम करतो म्हणून लिहितो.

नकाशा खोटं सांगत नाही, पण गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणायचा तर कुठेतरी ताणावाच लागतो. मर्केटरनं १५६९ मध्ये केलेला प्रसिद्ध नकाशा दर्यावर्दींसाठी होता. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राचा एकच कोन धरून त्या रेघेनं जाता येतं, ही त्याची सोय. पण त्यासाठी ध्रुवांकडचा भाग भलताच ताणला जातो आणि उत्तरेकडून जाणारी जवळची वाट लांब, वाकडी दिसते.

नागपूरपुरतं एक उदाहरण देतो, मला स्वतःला हे फार आवडतं. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हवाई बेटांवरचं होनोलुलू पण जवळजवळ त्याच अक्षांशावर. नकाशात पाहिलं तर वाटेल, नागपूरहून नाक पूर्वेला धरून निघा, हनोईवरून (तेही २१ अंशावरच आहे) सरळ जा, होनोलुलू येईल. येईलही. पण ती वाट भरते जवळपास १२,७७० किलोमीटर. गोलावर दोरा ताणला तर १२,२४० च. पाचशेच्या वर किलोमीटर वाचले, आणि ही जवळची वाट मध्यावर कुठे असते? उत्तर जपानवर, ३९ अंश अक्षांशावर! सुरुवात २१ वर, शेवट २१ वर, आणि मधे ३९ पर्यंत चढून यायचं.

आता उलटं पाहा. जेद्दाहही साधारण याच पट्ट्यात येतं, २१ अंशाच्या थोडं वर. नागपूरहून हजला विमानं जातात ती तिथेच. ते अंतर ४,१२० किलोमीटर. अक्षांशाला धरून गेलात तरी वीसेक किलोमीटरचाच फरक. म्हणजे जवळच्या प्रवासात नकाशावरची पट्टी चालून जाते. जसजसं अंतर वाढतं आणि विषुववृत्तापासून दूर जाल, तसतशी ती फसवते.

ज्यांना स्वतः गणित करायचं त्यांच्यासाठी : नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या (एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून इथे दोन्हींची बेरीज) कोसाइननं गुणा. दोन्हींची बेरीज येते उणे ०.४६८. ज्या कोनाचा कोसाइन हा आहे तो कोन ११७.९ अंश. पृथ्वीच्या मध्यातून पाहिलं तर या दोन गावांत एवढा कोन आहे. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १३,११० च्या आसपास. दहावीच्या पुढच्या कोणत्याही मुलाला मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर जमेल. अगदी जवळची गावं असतील तर हे सूत्र आकडेमोडीत घसरतं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये हॅवरसाइन नावाचं त्याचंच दुसरं रूप वापरतात.

भूमापक
पांढरं सोनं भाऊंनी झिरो माईलचं काढलं, त्याबद्दल आधी. नागपूरचा झिरो माईलचा दगड १९०७ चा, आणि त्याच्या खांबावर कोरलेली हैदराबाद, चांदा, जबलपूर अशी अंतरं जमिनीवरची, मैलांतली. विमानाच्या हिशेबाशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले असतात. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे या दोन बिंदूंमधलं अंतर. शहराच्या मध्यापासून किंवा आपल्या घरापासून नाही.

पण वणाकाठ यांनी हिंगणघाटचं नाव घेतलं म्हणून मला मुद्दाम लिहायचं आहे. मी भूमी अभिलेखात नोकरी केली, आयुष्य मोजणीत गेलं. शेताची मोजणी आपण जमीन सपाट धरून करतो. ३३ फुटांची शंकू साखळी टाकली, बांधाचे कोपरे धरले, झालं. गटाएवढ्या जागेत पृथ्वीची गोलाई हिशेबात येत नाही. पण देश मोजायला निघालात की ती येते, आणि मग आधी हेच ठरवावं लागतं की पृथ्वी नेमकी केवढी आणि कशा आकाराची आहे.

हे काम आपल्या देशात १८०२ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी विल्यम लँबटन यांनी साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीनं मोजली. त्यापुढे साखळी टाकत जायची गरज नव्हती. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. म्हणून टेकडीवरून टेकडीवर कोन घेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेला सरकले. कोन मोजायचं त्यांचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. ते डोंगरावर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचं. माझ्या हाताखाली जी यंत्रं होती ती एका खांद्यावर जायची, तरी उन्हाळ्यात जीव जायचा. त्यामुळे त्या माणसांच्या कष्टांची मला कल्पना येते, साहेबांच्या आणि ओझं उचलणाऱ्या आपल्या माणसांच्याही. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं वाईट वाटतं.

लँबटन यांचा हेतू नुसता नकाशाचा नव्हता. उत्तर-दक्षिण रेषेवर एका अंशाचं अंतर वेगवेगळ्या ठिकाणी किती भरतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यावरून पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे ते कळतं. वीस वर्षं ते हेच करत राहिले. आणि जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादकडून नागपूरला येताना वाटेत वारले. कुठे? हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. वणाकाठ भाऊ, तुमच्या तालुक्याच्या गावात.

त्यांच्यामागे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, १८४१ पर्यंत काम चाललं. त्या मोजमापांतून निघालेला पृथ्वीचा आकार 'एव्हरेस्ट १८३०' म्हणून ओळखतात. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे त्यावरच बेतलेले आहेत. त्यात विषुववृत्ताची त्रिज्या धरली आहे ६,३७७.२७६ किलोमीटर. आज विमानं आणि तुमच्या हातातला मोबाईल पृथ्वीच्या ज्या ठरवून घेतलेल्या आकारावर (डब्ल्यूजीएस-८४) चालतात, त्यात ती ६,३७८.१३७ आहे. फरक किती, तर एक किलोमीटरच्या आत. साखळी आणि दुर्बिणीच्या जोरावर!

ध्रुवाकडची त्रिज्या मात्र विषुववृत्तापेक्षा २१ किलोमीटरनी कमी आहे. मेळघाटींच्या सूत्रात पृथ्वी अगदी गोल धरली आहे. चपटेपणा धरून केलेलं गणित त्यापेक्षा थोडं वेगळं येतं, अर्ध्या टक्क्याच्या आत. दोन साइटच्या आकड्यांत दहा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे दिसले तर कारण हे. त्यात कोणी चुकत नाही.

वणाकाठ
भूमापक साहेब, हिंगणघाटला बाजाराला आयुष्यभर गेलो, कापूस विकला, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. आज घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, आपल्याच गावाशेजारी मोजणारा झोपला आहे आणि आपण दुनियेला विचारत बसलो.

आता दुसरा अर्धा प्रश्न. दोन टप्प्यांचे १५,८०० होतात. म्हणजे २,७०० किलोमीटर जास्तीचे. दोहा काही एवढं आडवाटेला वाटत नाही, अमेरिका पश्चिमेला, दोहा पण पश्चिमेला.

सोनेगाव टॉवर
निवृत्त आहे, सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, हवाई वाहतूक नियंत्रणात होतो. याचं उत्तर मी देतो.

अमेरिका 'पश्चिमेला' हे नकाशावरून डोक्यात बसलेलं आहे. गुरुजींचा दोरा आठवा. नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला निघायची दिशा पश्चिम नाहीच. ती आहे उत्तर आणि उत्तरेपासून १९ अंश पूर्वेला झुकलेली. दोह्याला जायचं म्हणजे त्या दिशेला जवळपास आडवं जायचं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को १३,१०० किलोमीटर. दोहा ते सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर. तुमची पुतणी नागपूरहून दोह्यापर्यंत २,८४० किलोमीटर उडेल आणि सॅन फ्रान्सिस्को तिला जवळ येईल फक्त शंभर किलोमीटरनं.

याच्या उलट दिल्ली. नागपूर ते दिल्ली ८५० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८०. बेरीज १३,२३०. थेट वाटेपेक्षा जेमतेम सव्वाशे जास्त, कारण दिल्ली वाटेतच पडते.

म्हणून दोह्याची वाट वाईट, असं म्हणायचं नाही. नागपूरवरून बसून एकाच कंपनीच्या तिकिटावर सामान थेट शेवटपर्यंत जाणं, ही पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या मुलीसाठी मोठी सोय आहे. तिकीट काढताना अंतर पाहू नका, वाटेतला थांबा किती तासांचा आहे ते पाहा.

पांढरं सोनं
साहेब, मंग नागपूरवून डायरेक विमान काहून नाई जात? मधातच तं आहे आपलं नागपूर.

सोनेगाव टॉवर
मध्यावर असण्याचा फायदा नागपूरनं एकेकाळी घेतलाही आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी बाजूंनी विमानं रात्री नागपूरला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबई इथून हवेतून ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५ च्या आसपास. देशात दुसऱ्या कोणत्या मोठ्या शहराला चारही इतकी सारखी पडत नाहीत.

पण तेरा हजार किलोमीटरच्या विमानाचं गणित वेगळं. तेवढं जाणारं मोठं विमान तासाला सहा-सात टन इंधन पितं. पंधरा-सोळा तासांचं इंधन घेऊन ते रोज उडवायचं तर रोज तीनशेच्या आसपास प्रवासी एकाच गावाचे लागतात. म्हणून कंपन्या सगळीकडची माणसं एका ठिकाणी गोळा करतात आणि तिथून पुढे नेतात.

आता मैत्रिणीच्या पडद्यावरचा तिसरा आकडा. मी नोकरीत सगळ्यात जास्त ज्याच्याशी झगडलो ते हेच : कागदावरचं अंतर आणि उडालेलं अंतर. दोऱ्याची वाट विमानाला क्वचितच पूर्ण मिळते. पहिली अडचण तिबेट. तिथलं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लगेच तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला ऑक्सिजन थोड्याच मिनिटांचा असतो. तिबेटवर तेवढं खाली यायला जागाच नाही, खाली जमीन आहे. त्यामुळे विमानं शक्यतो ते पठार टाळून वळसा घेतात.

दुसरी अडचण देशांच्या हद्दी. पाकिस्ताननं आपल्या विमानांना २४ एप्रिल २०२५ ला आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या विमानांचे तास वाढले, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै हेच झालं होतं. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आपल्या कंपन्यांना येतं. दोन गावं तीच, जमीन तीच, पण कोणत्या कंपनीचं विमान आहे त्यावर वाट बदलते.

तिसरी गोष्ट वारा, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. वारा तोंडावर घेऊन सायकल चालवली आहे ना? तसंच. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोची वाट अटलांटिकवरून बदलून पॅसिफिकवरून केली. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, पॅसिफिकची सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा साधारण दोन तास लवकर. पाठीवर वारा होता. आमच्या खात्यात नव्या मुलांना मी हेच उदाहरण द्यायचो. दोन विमानतळांमधलं अंतर एक असतं, ते बदलत नाही. उडायची वाट रोज सकाळी नव्यानं ठरते.

आर्वीची ताई
माझा मुलगा त्याच शहराजवळ असतो. वणाकाठ दादा, किलोमीटर घरी सांगा, पण वहिनींना घड्याळ जास्त उपयोगी पडेल. ऑगस्टमध्ये तिथली वेळ आपल्या साडेबारा तास मागे. आपली रात्र साडेआठची, तर तिकडे त्याच दिवशी सकाळचे आठ. नोव्हेंबरात ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग फरक साडेतेरा तासांचा होतो, मार्चमध्ये परत साडेबारा. पहिल्या नोव्हेंबरात हे माहीत नसलं की फोन चुकतो आणि आईचा जीव टांगणीला लागतो. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

आणि वर एवढं छान चाललं आहे म्हणून विचारते, दोह्याहून जाताना विमान खरंच उत्तर ध्रुवावरून जातं का? मुलगा म्हणतो जातं, मला विश्वास बसत नाही.

मेळघाटी
ताई, जवळची वाट खरंच ध्रुवाजवळून जाते. दोहा ५१.६ पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२.४ पश्चिमेला. बेरीज १७४ अंश, म्हणजे दोन्ही गावं गोलाच्या जवळपास समोरासमोरच्या रेषांवर. अशा दोन गावांमधला दोरा ध्रुवाजवळून जाणारच. गणितानं ही वाट ८५ अंश उत्तरेपर्यंत चढते, ध्रुव तिथून पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर राहतो. त्या दिवशीची प्रत्यक्ष वाट वारा आणि हवाई हद्दी पाहून ठरते, सोनेगाव साहेबांनी सांगितलं तसं.

आपल्या वैमानिकांनी तर ध्रुवावरूनच विमान आणलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आलं आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला होत्या, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली. या दोन विमानतळांमधलं थेट अंतर १३,९९३ किलोमीटर. पुतणीला नक्की सांगा.

वणाकाठ
सांगितलं. तिनं लगेच तो व्हिडिओ शोधून आजीला दाखवला.

मुलगी विचारते, जगात याहून लांब जाता येतं का.

खडू-फळा
येतं, पण फार नाही! गोलावर कुठलीही दोन ठिकाणं घ्या, त्यांच्यातलं अंतर २०,००० किलोमीटरच्या फारसं वर जाऊच शकत नाही, कारण घेरच ४०,००० चा. कुठूनही अर्ध्या घेरापर्यंतच लांब जाता येतं, त्यापुढे गेलात की परत जवळ येऊ लागता. तिचं सॅन फ्रान्सिस्को या कमाल अंतराच्या दोन तृतीयांशावर आहे.

नागपूरच्या बरोबर पायाखालचा, पलीकडचा बिंदू दक्षिण पॅसिफिकमध्ये उघड्या समुद्रात येतो. त्याच्यापासून सुमारे अकराशे किलोमीटरवर चिली देशाचं इस्टर बेट आहे आणि तिथे विमानतळ आहे. ते नागपूरहून जवळपास १९,००० किलोमीटर. आज सातवीच्या मुलांनी हेही दोऱ्यानं मोजलं, गंमत म्हणजे तिथे दोरा कुठल्याही बाजूनं ताणला तरी लांबीत फारसा फरक पडत नाही.

एकाही थांब्याशिवाय नियमित जाणाऱ्या विमानांत सध्या सगळ्यात लांबचं सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३४९ किलोमीटर, साडेअठरा तासांच्या वर. तिचे दोन टप्पे मिळून त्याच्याही पुढे जातात, मधे दोह्याला पाय मोकळे करता येतील एवढाच फरक.

भूमापक साहेब, एक विनंती आहे. आमच्या मुलांना लँबटन यांच्याबद्दल तुमच्याकडून ऐकायचं आहे. शाळा हिंगणघाटपासून फार लांब नाही. आलात तर मुलांना घेऊन आधी कबरीपाशी जाऊ, मग शाळेत बसू.

भूमापक
येतो गुरुजी. शाळेचं नाव आणि वेळ मला व्यक्तिगत निरोपात कळवा. शनिवार असेल तर सकाळची शाळा, ऊन चढायच्या आत मैदानावर त्रिकोण मोजता येईल. माझ्याकडे जुनी शंकू साखळी आहे आणि कोन घ्यायला प्लेन टेबलही आहे. एक बाजू मुलांनी साखळीनं मोजायची, दोन कोन घ्यायचे, तिसरा कोपरा मैदानाबाहेरच्या एखाद्या झाडावर धरायचा आणि तिथे न जाता त्याचं अंतर काढायचं. मग साखळी टाकून पडताळायचं.

पांढरं सोनं
मी बी येतो गुरुजी, राळेगाववून काही दूर नाई. माह्या पोराले घेऊन येतो, तो नववीत हाय, त्याले हे त्रिकोणाचं आताच चालू हाय.